चार्ल्स लॉटन यांचा एकमेव चित्रपट कसा पाहावा

एखाद्या थोर नटाने आयुष्यात एकदाच चित्रपट दिग्दर्शित केला असेल, तर त्या चित्रपटाकडे बहुतेक वेळा दोनच नजरांनी पाहिले जाते. एक नजर परीक्षकाची असते: नटाला दिग्दर्शन जमले की नाही, एवढा निकाल लावून ती मोकळी होते. दुसरी हळहळणाऱ्याची असते: पुढे त्याने काय काय केले असते, याच्या विचारात गुंतल्याने समोर जे आहे तेच तिला धड दिसत नाही. चार्ल्स लॉटन यांनी दिग्दर्शित केलेल्या 'द नाइट ऑफ द हंटर' (१९५५) या चित्रपटाच्या वाट्याला या दोन्ही नजरा भरपूर आल्या. हा चित्रपट समजून घ्यायचा असेल, तर तो नटाने केला आहे ही गोष्ट बाजूला ठेवण्याऐवजी तिलाच हाताशी धरावे, असे माझे मत आहे. नटाला जे आतून ठाऊक असते, म्हणजे माणसे एखाद्या बोलणाऱ्याच्या, गाणाऱ्याच्या, हातवारे करणाऱ्याच्या कह्यात कशी जातात, तेच या चित्रपटाचे खरे द्रव्य आहे. त्या दिशेने तो कसा पाहावा, हे पुढे सांगितले आहे. त्यासाठी किमान तीन वेळा बसावे लागेल; चित्रपट जेमतेम दीड तासाचा असल्याने ते अवघड नाही.

पाहण्यापूर्वी

लॉटन यांचा जन्म १८९९ साली इंग्लंडमधील स्कारबरो येथे झाला. 'द प्रायव्हेट लाइफ ऑफ हेन्री द एट्थ' (१९३३) मधील राजाच्या भूमिकेसाठी त्यांना ऑस्कर मिळाले, आणि 'म्युटिनी ऑन द बाउंटी' (१९३५) मधील कॅप्टन ब्लाय व 'द हंचबॅक ऑफ नोत्र दाम' (१९३९) मधील क्वासिमोदो या भूमिकांनी त्यांचे नाव कायमचे झाले. जमल्यास यांपैकी एक तरी चित्रपट आधी पाहावा. मात्र आपल्या कामासाठी त्याहून महत्त्वाची माहिती वेगळीच आहे. लॉटन हे जाहीर वाचनाचे मोठे कलावंत होते. अमेरिकेत गावोगावी दौरे काढून ते बायबलमधील कथा आणि डिकन्सचे उतारे श्रोत्यांना वाचून दाखवत असत. निर्माते पॉल ग्रेगरी यांच्या साथीने त्यांनी रंगभूमीवर 'डॉन जुआन इन हेल' आणि 'द केन म्युटिनी कोर्ट मार्शल' हे प्रयोगही बसवले होते. म्हणजे १९५४ साली, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी, ते कॅमेऱ्यामागे उभे राहिले तेव्हा नटांकडून काम करून घेण्यात ते मुळीच नवखे नव्हते. 'एकमेव प्रयत्न' या शब्दांमुळे एखाद्या हौशी माणसाचे चित्र डोळ्यांपुढे येते. ते पुसून टाकूनच बसावे.

कथेविषयी आधी इतकेच माहीत असलेले बरे. १९३० च्या दशकातील महामंदीचा काळ आहे आणि वेस्ट व्हर्जिनियात ओहायो नदीच्या काठचे एक गाव आहे. बेन हार्पर नावाचा माणूस दरोडा घालून दहा हजार डॉलर आणतो, आपल्या लहान मुलीच्या बाहुलीत ते लपवतो आणि हे कोणालाही सांगायचे नाही असे जॉन या मुलाकडून व पर्ल या मुलीकडून वचन घेतो. त्याला फाशी होते. तुरुंगात त्याच्याबरोबर असलेला हॅरी पॉवेल हा स्वयंघोषित धर्मोपदेशक त्या पैशांच्या वासाने गावात येतो आणि बेनच्या विधवेशी लग्न करतो. ज्यांनी चित्रपट पाहिलेला नाही त्यांनी येथेच थांबावे, पहिले पाहणे उरकावे आणि मग पुढील भाग वाचावा. पुढे शेवटापर्यंतची दृश्ये आली आहेत.

पडद्याची तयारी मनापासून करावी, कारण या चित्रपटात काळोख हा अभिनेत्यांइतकाच काम करतो. हा चित्रपट फोनवर पाहू नये. खोली पूर्ण अंधारी करावी. टीव्हीवर पाहत असल्यास रंग भडक करणारी आणि हालचाल गुळगुळीत करणारी सोय बंद करावी, आणि चित्राचा उजेड इतकाच ठेवावा की काळा भाग राखाडी न दिसता काळाच दिसेल. छायाचित्रकार स्टॅनली कॉर्टेझ यांनी त्या काळी नव्यानेच आलेली ट्राय-एक्स फिल्म वापरून काळ्या-पांढऱ्यातील जो टोकाचा विरोध साधला, तो उजेड वाढवलेल्या पडद्यावर निव्वळ वाया जातो. संवादांत बायबलची भाषा आणि त्या प्रदेशाचे उच्चार आहेत, म्हणून इंग्रजी उपशीर्षके लावण्यात संकोच बाळगू नये.

पहिले पाहणे

यासाठी एकच नियम आहे: मध्ये थांबवू नये आणि काही टिपून घेऊ नये. मात्र एका गोष्टीसाठी तयार असावे. चित्रपटाचा सूर सारखा बदलतो. एका क्षणी तो अंगावर काटा आणतो, दुसऱ्या क्षणी जवळजवळ विनोदी होतो, आणि मध्यावर तर सरळ परीकथेत शिरतो. वास्तवाचा आग्रह धरणाऱ्या प्रेक्षकाला हे सुरुवातीला खटकते, आणि प्रदर्शनाच्या वेळी अनेकांना ते खटकलेही होते. आपल्याला खटकले तर ते दडपू नये. कोठे खटकले तेवढे लक्षात ठेवावे. दुसऱ्या खेपेस तीच ठिकाणे सर्वांत जास्त बोलतात.

दुसरे पाहणे: प्रयोग कोणाचा, प्रेक्षक कोण?

आता प्रत्येक दृश्यात स्वतःला एकच प्रश्न विचारावा: येथे प्रयोग कोण करतो आहे, आणि त्याचा प्रेक्षक कोण आहे? मला या चित्रपटाची किल्ली याच प्रश्नात सापडली.

अगदी पहिली चौकट पाहा. तारकांनी भरलेल्या आकाशात लिलियन गिश यांचा चेहरा दिसतो आणि त्या मुलांना बायबलमधील बोध सांगत असतात; ऐकणाऱ्या मुलांचे चेहरेही त्याच आकाशात तरंगतात. कथा अजून सुरूही झालेली नाही, आणि लॉटन यांनी एक कथेकरीण व तिचे श्रोते आपल्यासमोर बसवले आहेत. खोट्या उपदेशकांपासून सावध राहा, असे ती सांगते. त्यानंतर कॅमेरा आकाशातून खाली उतरतो, खेळणाऱ्या मुलांना तळघराच्या पायऱ्यांवर एका मृत स्त्रीचे पाय दिसतात, आणि मग मोटार चालवत देवाशी गप्पा मारणारा पॉवेल आपल्यापुढे येतो. चांगली कथेकरीण आणि खोटा कथेकरी यांची गाठ चित्रपटाच्या शेवटी पडते, पण ती बांधून ठेवली आहे येथे.

पॉवेलची भूमिका रॉबर्ट मिचम यांनी केली आहे. आइस्क्रीमच्या दुकानातील त्याचे प्रसिद्ध कथन दोनदा पाहावे. उजव्या हाताच्या बोटांवर 'प्रेम' आणि डाव्या हाताच्या बोटांवर 'द्वेष' अशी इंग्रजी अक्षरे गोंदलेली आहेत. जॉन त्या बोटांकडे टक लावून पाहतो हे ध्यानात येताच पॉवेल दोन्ही हातांची कुस्ती लावून चांगल्या-वाइटाची गोष्ट सांगू लागतो. पहिल्या वेळी फक्त हात पाहावेत: बोटे एकमेकांत कशी अडकतात, मनगटे कशी पिळवटतात, विजय कोणत्या क्षणी मिळतो आणि त्यापूर्वी तो किती लांबवला जातो. दुसऱ्या वेळी हातांकडे पाहूच नये. ऐकणाऱ्यांचे चेहरे पाहावेत. दुकानदारीण आयसी स्पून भारावून गेलेली आहे, विधवा विला विरघळते आहे, लहानगी पर्ल खूश आहे. एकटा जॉन या प्रयोगाला दाद देत नाही. आपल्या आयुष्यात एकदाच दिग्दर्शन करणाऱ्या नटाने आपल्या कलेचे सगळे सामर्थ्य एका खुन्याच्या हाती द्यावे, आणि त्या सामर्थ्याला न भुलणाऱ्या एका मुलाला नायक करावे, ही गोष्ट मला अत्यंत धाडसी वाटते.

हाच धागा पुढे धरून ठेवावा. जॉन पर्लला रात्री गोष्ट सांगत असतो आणि नेमक्या त्याच वेळी खोलीच्या भिंतीवर टोपी घातलेल्या पॉवेलची सावली उभी राहते. मशालींच्या उजेडात विला लोकांसमोर आपल्या पापाची कबुली देते; आता तीच उपदेशक झाली आहे, आणि तिची भूमिका करणाऱ्या शेली विंटर्स यांच्या आवाजात पॉवेलची लय उतरलेली ऐकू येते. याउलट, मुले होडीतून त्याच्या हातून निसटतात तेव्हा कमरेएवढ्या पाण्यात उभा असलेला पॉवेल जी किंकाळी फोडतो तिच्यात शब्द नाहीत, सूर नाही, अभिनय नाही. प्रेक्षक निघून गेल्यावर आत उरलेले जनावर तेवढे ऐकू येते.

मेणबत्तीचे दृश्य

एका दृश्यावर मात्र अर्धा तास घालवावा. मुलांना आसरा देणारी रेचल कूपर, म्हणजे पुन्हा लिलियन गिश, रात्री बंदूक मांडीवर घेऊन जाळीच्या ओसरीत झुलत्या खुर्चीवर बसली आहे. बाहेर अंगणात बुंध्यावर बसलेला पॉवेल ते भजन गातो जे तो चित्रपटभर गात आला आहे, आणि ज्यातून त्याची चाहूल लागत आली आहे. रेचल घाबरत नाही, त्याला गप्पही करत नाही. ती त्याच्या सुरात आपला सूर मिसळते, आणि त्याने गाळलेले येशूचे नाव आपल्या ओळीत घालते. शिकारी आणि राखणदार एकच भजन एकत्र गातात.

आता दृश्य थांबवत थांबवत पुढे न्यावे. रूबी ही मुलगी मेणबत्ती घेऊन आत येते. मेणबत्तीचा उजेड पडताच ओसरीची जाळी उजळते, ती पारदर्शक राहत नाही, आणि बाहेरचा पॉवेल दिसेनासा होतो. रेचल मेणबत्ती विझवायला लावते. जाळीपलीकडचे अंगण पुन्हा दिसते, पण पॉवेल तेथे नसतो. एवढ्या एका साध्या, घरगुती भौतिक गोष्टीवर सारा थरार उभा आहे. नाटकात पडदा जसा समोरून उजेड पडला की भिंत होतो आणि मागून उजेड पडला की खिडकी होतो, तीच ही युक्ती आहे, आणि रंगभूमीवर वावरलेल्या माणसाला ती सहज सुचावी यात नवल नाही. त्यानंतर लगेच घुबड सशावर झडप घालते, आणि रेचल लहान जिवांसाठी हे जग कठीण असल्याचे म्हणते. हे दृश्य एकदा डोळे मिटून नुसते ऐकावेही.

तिसरे पाहणे: आवाज बंद करून

चित्रीकरणापूर्वी लॉटन यांनी न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये डी. डब्ल्यू. ग्रिफिथ यांचे मूकपट पुन्हा पाहिले होते, आणि त्या मूकपटांची नायिका लिलियन गिश हिलाच त्यांनी रेचलच्या भूमिकेसाठी घेतले. म्हणून निदान दोन भाग आवाज पूर्ण बंद करून पाहावेत.

पहिला भाग विलाच्या खुनाचा. शयनगृहाचे छत दोन्ही बाजूंनी तिरके येऊन वर टोकाला मिळते, भोवती निव्वळ काळोख ठेवला आहे, आणि त्यामुळे खोली प्रार्थनामंदिरासारखी दिसते. विला छातीवर हात घेऊन शवपेटीतल्यासारखी पडली आहे, आणि खिडकीशी उभा असलेला पॉवेल वरून काही ऐकू येत असल्यासारखा हात उंचावून वळतो. आवाज नसताना ही हालचाल नृत्यासारखी दिसते. मग आवाज लावून पुन्हा पाहावे: या दृश्याला वॉल्टर शूमान यांनी वॉल्ट्झ या जोडीने करायच्या नृत्याच्या तालातले संगीत दिले आहे, आणि ती कल्पना छायाचित्रकार कॉर्टेझ यांची होती. प्रकाश योजताना त्यांच्या मनात सिबेलिअस या संगीतकाराची एक वॉल्ट्झ रचना घोळत होती. छायाचित्रकाराच्या मनातील सूर ऐकून संगीतकाराला बोलावणे हे चांगल्या दिग्दर्शकाचे लक्षण आहे, आणि ते लॉटन यांच्यात पूर्णपणे होते.

दुसरा भाग नदीवरील प्रवासाचा. येथे चौकटीचा पुढचा भाग पाहावा. कोळिष्टक, बेडूक, ससे, मेंढ्या असे सारे मोठे होऊन पुढे बसले आहेत आणि मुलांची होडी त्यांच्यामागून लहानशी सरकते. मुलाच्या नजरेत जगाची मापे कशी बदलतात, हे येथे एका शब्दाविना दिसते. नंतर मुले गोठ्याच्या माळ्यावर झोपतात आणि क्षितिजावर घोडेस्वार पॉवेलची काळी आकृती हळूहळू जाते, ते दृश्य स्टुडिओत घेतलेले आहे. अंतर खरे वाटावे म्हणून तेथे छोट्या तट्टावर ठेंगण्या माणसाला बसवले होते. हे समजल्यावर दृश्याची जादू कमी होईल अशी भीती वाटते, पण तसे होत नाही, उलट तो खोटेपणाच त्याला स्वप्नासारखे करतो. पाण्याखाली गाडीत बसलेल्या विलाचे केस शेवाळाबरोबर हलतात त्या चौकटीतही प्रत्यक्षात मेणाचा पुतळाच आहे.

याच पाहण्यात एक जोडी ताडून घ्यावी. सुरुवातीला पोलीस बेन हार्परला जॉनच्या डोळ्यांदेखत जमिनीवर पाडून पकडतात, आणि शेवटी पॉवेललाही तसेच पकडतात. दोन्ही वेळा जॉन पोट धरून कळवळतो. दुसऱ्या वेळी तो धावत जाऊन बाहुली त्याच पॉवेलवर आपटू लागतो, आणि ती फुटून नोटा उधळतात. मुलाने कोणाला बाप समजून ते ओझे परत केले, हे कोणीही बोलून दाखवत नाही. नटांच्या हालचालींतून अर्थ जुळवण्याची ही रीत ज्याला दिसली, त्याला लॉटन दिसले.

श्रेय वाटताना

नट एकटाच सगळे करतो, असे मानण्याचा मोह टाळावा. कादंबरी डेव्हिस ग्रब यांची आहे (१९५३), आणि लॉटन यांच्या विनंतीवरून त्यांनी दृश्यांची शंभरहून अधिक रेखाटने काढून दिली होती. आकाशातून घेतलेली व नदीकाठची काही दृश्ये टेरी आणि डेनिस सँडर्स या बंधूंच्या तुकडीने टिपली. पटकथेवर जेम्स एजी यांचे नाव आहे. ते चित्रपट प्रदर्शित होण्यापूर्वीच, मे १९५५ मध्ये वारले. त्यांचे लेखन निरुपयोगी होते आणि लॉटन यांनी सारे नव्याने लिहिले, असे अनेक वर्षे सांगितले जाई. पुढे एजी यांचा सुमारे तीनशे पानांचा पहिला मसुदा सापडला, आणि चित्रपटातील पुष्कळ काही त्यात आधीच होते हे स्पष्ट झाले. लॉटन यांनी त्याची काटछाट केली आणि त्याला आकार दिला. अभ्यासकाने दोघांनाही त्यांचा वाटा द्यावा.

रशेस पाहावेत

ज्यांना आणखी खोलात जायचे आहे त्यांच्यासाठी या चित्रपटाकडे एक दुर्मीळ ठेवा आहे: त्याचे रशेस, म्हणजे चित्रीकरणाच्या वेळी टिपलेली, जुळणी न झालेली फिल्म. लॉटन टेक संपल्यावर कॅमेरा लगेच थांबवत नसत. तो चालू ठेवूनच ते नटांशी बोलत आणि पुन्हा करायला सांगत. त्यामुळे त्यांच्या दिग्दर्शनाचा प्रत्यक्ष आवाज फिल्मवर राहिला. त्यांच्या पत्नी, अभिनेत्री एल्सा लँचेस्टर यांनी हे रशेस जपले व पुढे अमेरिकन फिल्म इन्स्टिट्यूटकडे सोपवले, आणि लॉस एंजेलिसमधील यूसीएलए विद्यापीठाच्या चित्रपट संग्रहालयात रॉबर्ट गिट यांनी त्यांतून सुमारे अडीच तासांचा माहितीपट सिद्ध केला. जुने चित्रपट डिस्कवर काढणाऱ्या क्रायटेरियन या कंपनीने २०१० साली काढलेल्या आवृत्तीत तो आहे.

तो पाहताना लॉटन यांच्या आवाजाकडे कान ठेवावा. एका ओळीतला एक शब्द ते पुन्हा पुन्हा म्हणवून घेतात, कधी स्वतः ती ओळ म्हणून दाखवतात. लॉटन यांना मुलांचे वावडे होते आणि मुलांना मिचम यांनीच सांभाळले, अशी एक कथा फार काळ प्रचलित होती. बिली चॅपिन आणि सॅली जेन ब्रूस या दोन मुलांबरोबर लॉटन ज्या धीराने काम करतात ते पाहिल्यावर तिच्यात अर्थ उरत नाही. शक्य असल्यास एक दृश्य रशेसमध्ये पाहून लगेच तयार चित्रपटात पाहावे, आणि नटाने अखेरीस काय टाकून दिले ते लिहून काढावे.

अपयशाकडे कसे पाहावे

चित्रपट चालला नाही आणि समीक्षकांनीही त्याला फारसे उचलून धरले नाही. लॉटन आणि ग्रेगरी 'द नेकेड अँड द डेड' या कादंबरीवर पुढचा चित्रपट करणार होते. ते घडले नाही, आणि १९५८ साली तो राऊल वॉल्श यांनी दिग्दर्शित केला. लॉटन अभिनय करत राहिले, 'विटनेस फॉर द प्रॉसिक्यूशन' (१९५७) आणि 'स्पार्टाकस' (१९६०) याच काळातले आहेत, आणि डिसेंबर १९६२ मध्ये त्यांचे निधन झाले. अमेरिकेच्या नॅशनल फिल्म रजिस्ट्रीत हा चित्रपट १९९२ साली आला, आणि २००८ मध्ये 'काहिये द्यु सिनेमा' या फ्रेंच नियतकालिकाच्या शंभर चित्रपटांच्या यादीत त्याला दुसरे स्थान मिळाले. हे सर्व शेवटी वाचावे. आधी वाचल्यास पाहणारा एक तर दया घेऊन बसतो किंवा भक्ती घेऊन, आणि दोन्हींमुळे मेणबत्तीचा उजेड जाळीवर कसा पडतो ते निसटते.

हीच पद्धत दुसऱ्या एका चित्रपटाला लावून पाहायची असेल, तर मार्लन ब्रँडो यांचा 'वन-आइड जॅक्स' (१९६१) घ्यावा. तोही त्यांनी दिग्दर्शित केलेला एकमेव चित्रपट आहे. स्टॅनली क्युब्रिक बाजूला झाल्यावर तो ब्रँडो यांच्याकडे आला. तेथे मात्र श्रेयाचा प्रश्न सर्वांत आधी घ्यावा लागतो, कारण त्यांची पहिली जुळणी पाच तासांच्या जवळ जाणारी होती आणि प्रदर्शित झालेला चित्रपट १४१ मिनिटांचा आहे. २०१६ साली दुरुस्त झालेली प्रत मिळवावी, आणि कार्ल माल्डन व ब्रँडो समोरासमोर बसून एकमेकांशी खोटे बोलतात त्या भेटीपासून सुरुवात करावी. येथेही प्रयोग कोण करतो आहे आणि त्यावर विश्वास कोण ठेवतो आहे, हाच प्रश्न विचारावा.